४४ टनांचा हिशेब: इंग्लंडच्या फेन भागातली लॉरी, काल आणि आज

इंग्लंडच्या पूर्वेला केंब्रिजशर, नॉरफोक आणि लिंकनशर या काउंट्यांमध्ये पसरलेला सखल, सपाट पट्टा म्हणजे फेन्स. सतराव्या शतकात कॉर्नेलियस व्हर्म्युडेन या डच अभियंत्याच्या देखरेखीखाली इथे मोठे कालवे खोदले गेले, दलदलीतलं पाणी समुद्राकडे वळवलं गेलं आणि काळीभोर, कसदार जमीन उघडी पडली. आज तिथे गहू, बटाटा, कांदा, सेलरी आणि साखरेचं बीट पिकतं. विस्बीच गावाच्या आसपास सफरचंदाच्या बागा आहेत.

या मालात एक गोष्ट समान आहे. तो जड असतो आणि किलोमागे त्याला पैसे थोडे मिळतात. बटाट्याची किंवा बीटची एक खेप हलवायला दोन पौंड जास्त लागले तरी शेतकऱ्याच्या नफ्याला ते जाणवतं. शिवाय ज्या जमिनीवरून गाडी न्यायची ती मऊ. म्हणून इथल्या मालवाहतुकीचा इतिहास समजून घ्यायचा तर गाड्यांच्या नावांपेक्षा वजनाच्या आकड्यांकडे पाहावं. कायद्याने किती वजन मान्य केलं, कोणत्या ॲक्सलवर, म्हणजे चाकांच्या आसावर, किती टाकू दिलं आणि रस्त्याने किती पेललं, या तीन उत्तरांनी इथल्या लॉरीला आजचं रूप दिलं.

पोत्यांचा काळ

लॉरी आली तेव्हा धान्य पोत्यात जायचं. ही पोती रेल्वे आणि खासगी कंपन्यांकडून भाड्याने मिळत. एका पोत्याचं माप चार बुशेल, म्हणजे आकारमान ठरलेलं. त्यामुळे धान्यानुसार वजन बदलायचं. गव्हाचं पोतं १८ स्टोन म्हणजे सुमारे ११४ किलो, बार्लीचं १६ स्टोन म्हणजे १०२ किलो, ओटचं १२ स्टोन म्हणजे ७६ किलो. पाच टनी गाडीत गव्हाची ४४ पोती बसत आणि त्यातलं प्रत्येक पोतं कोणीतरी पाठीवर घेऊन फळीवरून चढवलेलं असे. या कामाने कितीतरी माणसांच्या पाठी आणि गुडघे कायमचे गेले. ११४ किलोचं पोतं रोजच्या कामाचा भाग होतं, हे आज वाचतानाही अंगावर येतं.

माल भरल्यावर ताडपत्री आणि दोर. ताडपत्र्या मागून पुढे अंथरायच्या, म्हणजे पुढची ताडपत्री मागचीवर चढते आणि धावताना वारा आत शिरत नाही. मग दोर एका बाजूच्या हुकातून मालावरून पलीकडे टाकायचा आणि तिथे ‘डॉली’ गाठ मारायची. दोराच्या उभ्या भागात पीळ देऊन एक छोटा फासा करायचा, मोकळं टोक गाडीच्या हुकाखालून घेऊन त्या फाशातून ओवायचं आणि अंगाचा भार टाकून खाली ओढायचं. फासा कप्पीचं काम करतो, त्यामुळे एकटा माणूसही दोर चांगला आवळू शकतो. शेवटी टोक पुन्हा हुकाला अडकवायचं. गाठ बरोबर बसली असेल तर सोडताना ती एका झटक्यात सुटते.

चूक व्हायची ती दोराच्या स्वभावामुळे. तागाचा किंवा सायसलचा दोर भिजला की आखडतो आणि वाळला की सैल पडतो. पहाटेच्या दवात घट्ट बांधलेला माल दुपारच्या उन्हात ढिला व्हायचा. म्हणून काही मैल गेल्यावर थांबून सगळे दोर पुन्हा आवळायचे, हा नियम नव्या पोराला पहिल्याच दिवशी शिकवला जाई.

अडीच टनांचा कायदा

पहिलं महायुद्ध संपल्यावर सैन्याच्या हजारो लॉऱ्या विक्रीला निघाल्या. युद्धात गाडी चालवायला शिकलेले जवान घरी परतले होते. त्यांच्यातल्या अनेकांनी हाती आलेल्या पैशातून एखादी जुनी लष्करी लॉरी घेतली आणि गावागावात एक-दोन गाड्यांचे मालक तयार झाले. ग्रामीण इंग्लंडमधल्या मालवाहतुकीची सुरुवात बऱ्याच ठिकाणी अशीच झाली.

रेल्वे कंपन्यांना ही स्पर्धा जड जाऊ लागली. सरकारने १९३० आणि १९३३ साली दोन मोठे कायदे केले, आणि पुढची कित्येक वर्षं लॉरी कशी दिसेल ते त्यांनी ठरवलं.

१९३३ च्या कायद्याने तीन प्रकारचे परवाने आणले. ‘ए’ परवाना म्हणजे भाड्याने कोणाचाही माल नेण्याची मुभा. ‘बी’ म्हणजे स्वतःचा माल, शिवाय घातलेल्या अटींमध्ये राहून दुसऱ्याचाही. ‘सी’ म्हणजे फक्त स्वतःचा. ए किंवा बी परवान्यावर नवी गाडी हवी असेल तर रेल्वे आणि आधीचे वाहतूकदार हरकत घेत. गाडीची गरज आहे हे सिद्ध करायची जबाबदारी अर्ज करणाऱ्यावर असे. सी परवाना मात्र मागितला की मिळायचा, म्हणून मोठे शेतकरी स्वतःच्याच गाड्या ठेवू लागले.

खरी गंमतीची बाब पुढे आहे. ए परवान्यावर गाड्या मोजल्या जात त्या त्यांच्या रिकाम्या वजनात. वेगाची मर्यादाही रिकाम्या वजनावरच ठरायची. अडीच टनांपेक्षा हलक्या गाडीला ताशी ३० मैल, त्याहून जड गाडीला ताशी २० मैल. वार्षिक करही रिकाम्या वजनावर, आणि १९३३ मध्ये तो चांगलाच वाढला.

याचा परिणाम विस्बीचहून लंडनला फळं नेणाऱ्या माणसाच्या जागी उभं राहून पाहा. अंतर सुमारे ९५ मैल. फळं पहाटेच्या बाजाराला पोचायला हवीत, म्हणजे गाडी रात्रीच निघणार. ताशी २० मैलांनी, कुठेही न थांबता, पावणेपाच तास. १९३० च्या कायद्याने सलग साडेपाच तासांच्या वर आणि दिवसभरात ११ तासांच्या वर गाडी चालवायला बंदी होती. जाऊन-येऊन साडेनऊ तास रस्त्यावरच गेले, तर माल भरायला आणि गाडी खाली करायला काय उरलं? ताशी ३० मैलांच्या गाडीला तेच अंतर सव्वातीन तासांचं. साहजिकच सगळ्यांना अडीच टनांच्या आतली गाडी हवी होती. बेडफर्डसारख्या कारखान्यांनी तशा हलक्या चासी बनवल्या आणि मालकांनी त्यांच्यावर कारखान्याने सांगितलं त्याहून बराच जास्त माल लादला. पाटे तुटणं, ब्रेक अपुरे पडणं, टायर फुटणं हे त्या काळाचं नेहमीचं दुखणं होतं. त्याचं मूळ ड्रायव्हरच्या हावरेपणात शोधण्यापेक्षा रिकामं वजन मोजणाऱ्या कायद्यात शोधलेलं बरं.

वाफेच्या लॉऱ्या याच कराने संपल्या. बॉयलर, कोळसा आणि पाणी यांमुळे त्यांचं वजन मुळातच जास्त होतं. वाफेच्या गाड्यांसाठी नावाजलेल्या फोडेन कंपनीतून बाहेर पडलेल्या एडविन रिचर्ड फोडेन यांनी १९३३ मध्ये ईआरएफ ही नवी कंपनी काढली आणि तिच्या पहिल्याच लॉरीला गार्डनरचं डिझेल इंजिन लावलं. ही मंद, काटक आणि कमी डिझेल पिणारी गार्डनर इंजिनं पुढे चाळीसेक वर्षं ब्रिटिश मालवाहतुकीचा कणा होती.

पंचवीस मैलांचं वर्तुळ

१९४७ च्या कायद्याने लांब पल्ल्याची मालवाहतूक सरकारच्या ताब्यात गेली आणि ब्रिटिश रोड सर्व्हिसेस उभी राहिली. खासगी वाहतूकदाराला आपल्या तळापासून २५ मैलांच्या आतच भाड्याचा माल नेता येई. फेन भागात याचा अर्थ असा की मार्च गावातल्या माणसाला पीटरबरो, विस्बीच, ईली जवळ होतं, पण लंडनचा बाजार हातातून गेला. स्थानिकांकडे शेत ते स्टेशन आणि शेत ते कारखाना एवढंच काम उरलं. शेतकऱ्यांच्या सी परवान्याला मात्र अंतराचं बंधन नव्हतं. १९५३ मध्ये नव्या सरकारने धोरण फिरवलं, सरकारी गाड्यांचे छोटे-छोटे गट करून विकले आणि वर्तुळ पुसलं गेलं.

मग रेल्वेचं काम झपाट्याने रस्त्यावर आलं. १९५५ च्या मे-जूनमध्ये इंजिन ड्रायव्हरांचा संप झाला. त्या दोन-अडीच आठवड्यांत फळं, भाजी आणि बटाटा लॉरीने गेला, आणि संप मिटल्यावरही त्यातला बराचसा माल रेल्वेकडे परतला नाही. कारण साधं होतं. रेल्वेने माल पाठवायचा तर शेतात एकदा भरायचा, स्टेशनात डब्यात चढवायचा, तिकडे उतरवायचा आणि पुन्हा गाडीत भरायचा. लॉरीत ही चढउतार दोनदाच होते. विस्बीच ते अपवेल अशी रस्त्याच्या कडेने धावणारी एक छोटी मालगाडी १८८० च्या दशकापासून या भागातली फळं नेत होती. तिच्यावरची प्रवासी सेवा १९२७ च्या शेवटी बंद झाली होती, १९६६ मध्ये मालवाहतूकही थांबली.

२० वरून ४४ पर्यंत

१९५७ मध्ये जड गाड्यांची वेगमर्यादा २० वरून ३० मैल झाली. १९६४ मध्ये जोडलॉरीला, म्हणजे पुढे ट्रॅक्टर युनिट आणि मागे ट्रेलर अशा गाडीला, भरलेल्या वजनाची ३२ टनांची मर्यादा मिळाली. १९८३ मध्ये ती ३८, १९९९ मध्ये ४१ आणि फेब्रुवारी २००१ पासून ४४ टन झाली. दरम्यान १९६८ च्या कायद्याने ए, बी, सी परवाने मोडीत काढले. ‘या गाडीची गरज आहे का’ हा प्रश्न गेला आणि ‘ही गाडी आणि हा मालक सुरक्षित आहेत का’ हा प्रश्न आला. माझ्या मते या क्षेत्रातला सगळ्यात शहाणपणाचा बदल हाच.

४४ टनांच्या आकड्याला अटी आहेत. गाडीला सहा ॲक्सल हवेत, तीन पुढच्या युनिटला आणि तीन ट्रेलरला. इंजिनाची ताकद ज्याला मिळते त्या ॲक्सलवर साडेदहा टनांपेक्षा जास्त वजन नको आणि तिथलं सस्पेन्शन रस्त्याला कमी इजा करणारं, म्हणजे बहुधा हवेचं, हवं. ट्रेलरच्या तीन ॲक्सलवर मिळून २४ टनांपर्यंत चालतात.

इतकी काटेकोर विभागणी का, हे रस्ता कसा खराब होतो यावरून कळतं. अभियंत्यांचा ढोबळ नियम असा की रस्त्याचं नुकसान ॲक्सलवरच्या वजनाच्या चौथ्या घाताने वाढतं. ॲक्सलवरचं वजन दुप्पट झालं तर नुकसान सोळापट. त्यामुळे सहा ॲक्सलवर नीट वाटलेले ४४ टन हे चार ॲक्सलवर दाबून बसवलेल्या ३२ टनांपेक्षा रस्त्याला सौम्य ठरू शकतात. वरून पाहणाऱ्या गावकऱ्याला गाडी मोठी दिसते आणि राग येतो, तो समजण्यासारखा आहे. पण रस्त्याला गाडीचा आकार कळत नाही, फक्त चाकाखालचा भार कळतो.

बीटची एक खेप

आजच्या कामाची पूर्ण साखळी पाहायची तर साखरेच्या बीटइतकं चांगलं उदाहरण नाही. ब्रिटनमध्ये आता चारच बीट कारखाने उरले आहेत: कॅन्टली, बरी सेंट एडमंड्स, न्यूअर्क आणि विसिंग्टन. फेन्सच्या कडेला असलेला विसिंग्टन त्यांतला सर्वांत मोठा. १९२५ मध्ये तो सुरू झाला तेव्हा बीट आणि कोळसा छोट्या रेल्वेने आणि नदीतल्या सपाट मालबोटींनी यायचा. ईलीचा कारखाना १९८१ मध्ये बंद झाला, स्पॉल्डिंगचा १९८९ मध्ये, पीटरबरोचा १९९१ मध्ये. प्रत्येक बंद कारखान्यामागे उरलेल्या कारखान्यांकडे जाणाऱ्या लॉऱ्यांचं अंतर वाढत गेलं.

हंगाम सप्टेंबरात सुरू होतो आणि फेब्रुवारीपर्यंत किंवा त्याहूनही पुढे चालतो. महाराष्ट्रातल्या वाचकाला गाळप हंगाम माहीत आहे, पण एक मोठा फरक लक्षात घ्यायला हवा. ऊस तोडल्यावर दिवसभरातच साखर घटू लागते, म्हणून गाड्यांची घाई आणि रांगा. बीट मात्र थंडीत काढून ढिगात काही आठवडे राहू शकतं. त्यामुळे काढणी आणि वाहतूक ही दोन वेगळी कामं होतात आणि लॉऱ्यांचं वेळापत्रक आधीच आखता येतं. बीटचा शत्रू म्हणजे कडाक्याचं हिव. गोठलेलं बीट पुन्हा वितळलं की सडतं आणि कारखान्यात त्रास देतं, म्हणून थंडीची लाट येणार असेल तर ढीग झाकतात.

चांगल्या वर्षी हेक्टरी ७० ते ८० टन बीट निघतं. ४० हेक्टरच्या शेतात म्हणजे ३,००० टन, आणि एका लॉरीत २९ टन धरले तर शंभरावर खेपा. त्या सगळ्या खेपा शेताच्या एकाच तोंडाशी भरल्या जाणार. म्हणून सगळं काम ढिगाच्या जागेपासून सुरू होतं. ढीग काँक्रीटच्या किंवा पक्क्या खडीच्या ओट्यावर, सार्वजनिक रस्त्यापासून थोडा आत असावा. लॉरीला उलट न घेता आत शिरून बाहेर पडता आलं तर उत्तम. डोक्यावर विजेच्या तारा नसाव्यात. ही शेवटची अट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. तारेची जमिनीपासूनची किमान उंची ५.२ मीटर असते, तर टिपर, म्हणजे माल ओतायला वर उचलली जाणारी ट्रेलरची पेटी, ९-१० मीटरपर्यंत जाऊ शकतो.

भरण्याचं काम साफ करणारा लोडर करतो. ढिगाच्या पुढ्यातून तो बीट उचलतो, फिरत्या रुळांवरून नेताना माती झाडतो आणि लांब पट्ट्याने गाडीत टाकतो. माती झाडण्याला एवढं महत्त्व का? २९ टनांच्या खेपेत ८ टक्के माती असेल तर सव्वादोन टनांहून जास्त चिखल डिझेल जाळून कारखान्यात न्यायचा, तिथे त्याचं वजन बिलातून कापलं जाणार, आणि आपल्या शेतातली सुपीक माती गेली ती वेगळीच. पावसात काढलेल्या बीटला माती घट्ट चिकटते. अशा वेळी ढीग थोडे दिवस तसाच ठेवला तर ती वाळून सहज झडते.

आता वजन. ॲल्युमिनियमचा टिपर ट्रेलर असलेल्या जोडलॉरीचं रिकामं वजन साधारण १५ टन, म्हणून मालाला २९. बीटचा ढीग घनमीटरला सुमारे साडेसहाशे किलो भरतो, म्हणजे २९ टनांना ४५ घनमीटर जागा लागते. इथे नवख्या लोडरवाल्याची नेहमीची चूक होते: गाडीचं एकूण वजन ४४ च्या आत असतं, पण बराचसा माल पुढच्या बाजूला पडतो. मग इंजिनाच्या ॲक्सलवर साडेदहाऐवजी अकरा-साडेअकरा टन येतात आणि रस्त्यावरच्या तपासणीत दंड होतो. आधी मधोमध पातळ थर, मग मागून पुढे येत समान भरत जाणं हा त्यावरचा उपाय. आजकाल बऱ्याच गाड्यांत हवेच्या सस्पेन्शनचा दाब मोजून ॲक्सलचं वजन केबिनमध्ये दिसतं, पण उताराच्या किंवा खड्ड्याच्या जागी ते चुकीचं दाखवतं. गाडी सपाटीवर असेल तेव्हाच त्यावर विसंबावं.

भरून झाल्यावर जाळी किंवा ताडपत्री ओढायची, मागच्या झडपेचे खटके पाहायचे, चाकांमध्ये अडकलेला चिखल आणि बीट काढायचं. रस्त्यावर पडलेला चिखल हा इथे गंभीर मामला आहे. ओल्या चिखलावर मोटरसायकल घसरली तर तो पाडणाऱ्याला कायद्याने जबाबदार धरलं जातं. शेतकऱ्याने दोन्ही बाजूंना सूचनाफलक लावायचे आणि काम चालू असतानाच रस्ता झाडून घ्यायचा. फलक लावला म्हणून झाडण्यातून सुटका होत नाही.

कारखान्यात गाडी आधी काट्यावर चढते. मग नळीसारखं यंत्र वरून मालात घुसून नमुना काढतं. तो धुऊन माती किती ते पाहतात आणि साखरेचं प्रमाण मोजतात. भाव १६ टक्के साखरेच्या आधारावर ठरतो, त्याहून जास्त-कमी असेल त्याप्रमाणे पैसे वाढतात किंवा घटतात. गाडी खाली झाली की पुन्हा काट्यावर, आणि दोन वजनांतला फरक म्हणजे माल.

टिपर उलटतो कसा

जोडलॉरीचा टिपर उचललेला असताना त्याच्याइतकी अस्थिर गाडी रस्त्यावर दुसरी नसते. माल वर जातो, तोल वर जातो आणि खाली आधार फक्त ट्रेलरच्या चाकांचा आणि पुढच्या जोडाचा. उलटण्याची कारणं ठरलेली आहेत. जागा एका बाजूला कलती असणं. एका बाजूच्या टायरमध्ये हवा कमी असणं. ट्रेलर आणि युनिट सरळ रेषेत नसणं. जोराचा आडवा वारा. आणि सगळ्यात फसवं म्हणजे माल एका बाजूने सरकणं पण दुसऱ्या बाजूला चिकटून राहणं. गोठलेल्या सकाळी ओलं बीट पत्र्याला धरून बसतं तेव्हा हेच होतं.

म्हणून क्रम असा. सपाट, घट्ट जागा पाहा. गाडी आणि ट्रेलर सरळ करा. हवेच्या सस्पेन्शनमधली हवा सोडा, म्हणजे ट्रेलर ॲक्सलवर घट्ट बसतो. मागची झडप मोकळी करा. बाजूला कोणी उभं नाही याची खात्री करा. गाडीच्या लांबीइतकी जागा दोन्ही बाजूंना मोकळी हवी. मग हळू उचला. अर्ध्या उंचीवरही माल सरकत नसेल तर थांबा आणि खाली घ्या. पुढे-मागे झटके देऊन माल पाडण्याचा प्रयत्न करू नका. गाडी कलायला लागली तर उडी मारू नका, पट्टा बांधून केबिनमध्ये बसून राहा. तारेला स्पर्श झाला तरीही केबिनमध्येच थांबा आणि १०५ (वीजपुरवठ्याचा क्रमांक) किंवा ९९९ (आपत्कालीन सेवा) वर कळवा. आगच लागली तर दोन्ही पाय जुळवून, गाडी आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होणार नाही अशी दूर उडी मारा.

चाकाच्या नटांबद्दलही थोडं. चाक काढून बसवल्यावर नट ठरलेल्या टॉर्कने, म्हणजे पिळाच्या जोराने, आवळले तरी पृष्ठभाग बसत जातात आणि ताण कमी होतो. म्हणून अर्ध्या तासाने किंवा ४० ते ८० किलोमीटर चालल्यावर पुन्हा टॉर्क तपासायचा असतो. नटांवरचे पिवळे दर्शक याचसाठी आहेत: दोन शेजारच्या दर्शकांची टोकं एकमेकांकडे वळलेली असायची, त्यातलं एक सरकलं की नट सैल झाला हे लांबूनही दिसतं. ब्रिटनमध्ये चाकं निखळतात ती बहुतेक डाव्या बाजूची, त्यामुळे डावी बाजू घाईत उरकू नये.

बसणारी जमीन, वाकणारे रस्ते

फेन्सची काळी माती म्हणजे हजारो वर्षं साचलेल्या वनस्पतींचा थर. पाणी काढलं की ती आकसते, हवेत कुजते आणि वाऱ्याने उडते. होम फेन इथे १८५० च्या सुमारास एक लोखंडी खांब जमिनीच्या पातळीपर्यंत पुरला होता, आज त्याचा चारेक मीटर भाग वर दिसतो. अशा जमिनीवरचा रस्ता जागोजाग वेगवेगळा बसतो. उन्हाळा कोरडा गेला की कडेने लांब भेगा पडतात आणि रस्ता लाटांसारखा वरखाली होतो. त्यातच अनेक रस्ते खोल कालव्याच्या काठाने जातात आणि मध्ये कठडा नसतो. भरलेली जोडलॉरी अशा लाटांवर वेगाने गेली तर ट्रेलर डोलू लागतो आणि चाक मऊ कडेवर उतरलं की गाडी कालव्याकडे ओढली जाते. २०१५ मध्ये साडेसात टनांवरच्या गाड्यांना मध्ये दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ताशी ४० ऐवजी ५० मैलांची परवानगी मिळाली. फेनच्या कितीतरी रस्त्यांवर जुने ४० सुद्धा जास्त होतात.

हिवाळ्यात पाणी साठवण्यासाठी राखलेल्या पट्ट्यात पूर येतो, तेव्हा वेल्नी इथला ए११०१ रस्ता पाण्याखाली जातो आणि गाड्यांना लांबचा वळसा पडतो. खेपांचं गणित करताना हे दिवस धरलेच पाहिजेत.

आणि रेल्वेपूल. ब्रिटनमध्ये लॉरीच्या उंचीला सर्वसाधारण कायदेशीर मर्यादा नाही, पण १६ फूट ६ इंचांपेक्षा ठेंगण्या पुलांवर उंची लिहिलेली असते. तीन मीटरवरच्या गाडीत ड्रायव्हरला दिसेल अशी उंचीची पाटी लावणं बंधनकारक आहे. मार्चजवळच्या स्टोनिया इथला पूल फक्त साडेसहा फूट उंच आहे आणि सर्वाधिक धडका बसणाऱ्या पुलांच्या यादीत वर असतो. त्याला व्हॅनसुद्धा आदळतात. ईलीच्या स्टेशनजवळचा नऊ फुटी पूल असाच बदनाम होता, २०१८ मध्ये वळणरस्ता झाल्यावर तिथली वर्दळ कमी झाली. धडक बसलीच तर पुलावरच्या पाटीवर त्याचा क्रमांक आणि फोन लिहिलेला असतो, तिथे ताबडतोब कळवायचं. वरून पुढची गाडी काही मिनिटांत येणार असते.

गावातला तळ

आज साडेतीन टनांवरच्या गाडीने धंदा करायचा तर ऑपरेटर परवाना लागतो. पहिल्या गाडीसाठी ८,००० पौंड आणि पुढच्या प्रत्येक गाडीसाठी ४,५०० पौंड हाताशी असल्याचं दाखवावं लागतं. फक्त स्वतःचाच माल नेणाऱ्याला रक्कम कमी असते. भाड्याने दुसऱ्याचा माल नेणाऱ्याला एक पात्र वाहतूक व्यवस्थापक लागतो. गाड्यांची ठरावीक आठवड्यांनी तपासणी करून त्या नोंदी १५ महिने जपाव्या लागतात. गाड्या जिथे उभ्या राहतात त्या तळाची जाहिरात स्थानिक वर्तमानपत्रात द्यावी लागते आणि जवळचे रहिवासी आवाज, धूर, वेळा यांवर हरकत घेऊ शकतात. जुन्या शेतवाडीत गाड्या ठेवणाऱ्यांना गावात नव्याने राहायला आलेल्यांच्या हरकतींना तोंड द्यावं लागतं. रविवारी गाड्या न हलवणं, पहाटे इंजिन चालू न ठेवणं अशा अटी मान्य करून बहुधा वाट निघते.

ड्रायव्हरला साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती, दिवसाला नऊ तास चालवणं, आठवड्यातून दोनदा दहा. हे सगळं गाडीतल्या टॅकोग्राफ या यंत्रात नोंदलं जातं.

शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला यातलं बरंच लागू होत नाही. २०१५ पासून ट्रॅक्टर-ट्रेलर मिळून ३१ टन आणि ताशी २५ मैल चालतात. चार-पाच मैलांत ट्रॅक्टर परवडतो. कारखाना वीस मैलांवर असेल तर त्याचा वेग आणि १८ टनांचा ट्रेलर लॉरीपुढे टिकत नाही.

फेब्रुवारीनंतर तीच गाडी खतं आणि बटाटे नेते, ऑगस्टमध्ये गहू. बीट आणि चुनखडी वाहिलेल्या ट्रेलरमध्ये गहू भरायचा तर आधी तो झाडून, धुऊन पूर्ण वाळवावा लागतो. झडपेच्या रबरामागे आणि कोपऱ्यातल्या सांध्यांत माती राहते, तिथे हात घालून पाहावं. धान्यासोबत जाणाऱ्या ‘पासपोर्ट’ नावाच्या कागदावर ट्रेलरमधल्या आधीच्या तीन खेपांचा माल लिहावा लागतो आणि गिरणीच्या दारात तो आधी वाचला जातो. तिथे चूक सापडली तर २९ टन गहू तसाच परत येतो.